केल ट्रँटरला कुणी अडवत नाही

केल ट्रँटर दर मंगळवारी संध्याकाळी कलूमाच्या क्रीडागृहात येतो आणि खेळत नाही.

हे अकरा वर्षं चाललं होतं. तो साडेचारला यायचा. दाराबाहेर लोखंडी तवा मांडायचा. कांदा चिरायचा, सॉसेज लावायचा. मग हातात लांब चिमटा घेऊन दारात उभा राहायचा आणि आतल्या खेळाडूंना शिव्या घालायचा.

आत चाकाच्या खुर्चीवरचं रग्बी चालू असायचं. सामन्यात एका बाजूला पाच, दुसऱ्या बाजूला पाच. प्रत्येकाच्या दोन्ही खांद्यांवर एकेक पट्टी चिकटवलेली. ज्याच्याकडे चेंडू, त्याची पट्टी ओढून काढली की तो अडला. पट्टीपर्यंत हात पोचायचा तर आधी खुर्चीवर खुर्ची आदळावी लागते. बाहेरून ऐकलं तर कुणीतरी भांड्यांचं कपाट जिन्यावरून ढकलतंय असं वाटतं.

आमच्या संघाचं नाव चिखली खेकडे. अर्धे माजी सैनिक, अर्धे साधे अपंग. ‘साधे’ हा शब्द लिओनीचा. लिओनी हॅड्रिक आमची कप्तान. जन्मापासून खुर्चीत. साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर काम करते. तिचे दंड पाहून ऊसगाडीवाले वजनाबद्दल वाद घालत नाहीत.

“लिओनी, डावीकडे बघ, डावीकडे! डावी बाजू कुठे असते माहीत आहे का?” केल दारातून ओरडायचा.

“आत येऊन दाखव ना, आचाऱ्या.”

“माझे कांदे करपतील.”

केल तेव्हा एकोणपन्नास वर्षांचा होता. उजवा पाय गुडघ्याखाली नाही. त्या जागी कृत्रिम पाय. एकोणिसाव्या वर्षी सैन्यात गेला, चोविसाव्या वर्षी शांतिसेनेतून तिमोर बेटावर, आणि पाय तिथेच राहिला. परत आल्यावर शाळेच्या खानावळीत लागला. अजून तिथेच आहे. शाळेतल्या मुलांना वाटतं, तो सुरुंगावर उभा राहून हसला होता. मोठ्यांना साधारण तेच वाटतं, फक्त हसणं सोडून.

न खेळण्याची कारणं त्याच्याकडे भरपूर होती. खांदा दुखतो. कुत्र्याला एकटं ठेवता येत नाही. क्रीडागृहाचे दिवे डोळ्यांना लागतात. एकदा त्याने सांगितलं की खुर्चीत बसलं की त्याला झोप येते. ती सबब लिओनीला इतकी आवडली की तिने ती फळ्यावर लिहून ठेवली.

मी त्याच्या शेजारी राहतो. साहित्याची पदवी घेऊन गावी परतलो आणि वाचनालयात लागलो. केल मला प्रोफेसर म्हणतो. त्यात आदर नाही.

मे महिन्यात विद्यापीठातून डॉक्टर इमोजेन फॅरर आल्या. मानसशास्त्राच्या. अपंग माणसं आणि माजी सैनिक खेळायला का येतात, आणि का येत नाहीत, यावर त्यांचं संशोधन चालू होतं. बेचाळीस प्रश्नांची यादी होती. एक म्हणजे अजिबात पटत नाही, पाच म्हणजे पूर्ण पटतं. खेळणाऱ्या सगळ्यांनी ती भरली. मग त्या बाहेर आल्या.

“तुम्ही खेळत नाही?”

“मी सॉसेज करतो.”

“छान. मला न खेळणारेही हवे आहेत.”

केलने एक सॉसेज पावात घालून त्यांच्या हातात दिलं आणि म्हणाला, “विचार.”

त्यांनी वाचायला सुरुवात केली. मी शेजारी कांदा सोलत होतो.

“मला हा खेळ आवडतो.”

“पाच.”

“मला या खेळाचे नियम कळतात.”

“पंचापेक्षा जास्त. पाच.”

“खेळताना लोक माझ्याकडे बघतील याची मला भीती वाटते.”

“बघू देत की. मी देखणा आहे. एक.”

“दुखापत होईल अशी भीती वाटते.”

“बाई, उरलंय काय दुखायला? एक.”

असं बावीस प्रश्न चाललं. तेविसावा प्रश्न आला. “या संघात बसण्याची माझी लायकी आहे असं मला वाटतं.”

केलने एक सॉसेज उलटलं. मग तेच परत उलटलं. मग नुसता बघत राहिला. धूर यायला लागला.

“पुढचा,” तो म्हणाला.

ते सॉसेज कोळसा झालं होतं. अकरा वर्षांत त्याच्या हातून करपलेलं ते पहिलं. त्याने ते गुपचूप कागदात गुंडाळून खिशात टाकलं. मी पाहिलं.

पुढच्या शनिवारी पहाटे मला त्याच्या घराकडून आवाज आला. धप्. मग शिवी. मग धप्. आमच्याकडे घरं पुरुषभर उंच खांबांवर उभी असतात; आवाज घराखालून, त्या खांबांमधून येत होता. मी चप्पल न घालता धावलो.

केल घराखाली होता. खेळाच्या खुर्चीत. चाकं आतल्या बाजूला कललेली, पुढे लोखंडी आडवी पट्टी, असली खुर्ची. ती त्याच्याकडे आहे हे कुणालाच माहीत नव्हतं. घराला अठरा खांब आहेत. प्रत्येक खांबावर एक कागद चिकटवला होता, आणि त्यावर जाड अक्षरांत एकेक नाव होतं. मी वाचली. ती टारूगाच्या संघातली नावं होती. टारूगा म्हणजे आमच्या नदीपलीकडचं गाव. चौदा वर्षं आम्ही त्यांच्याकडून हरतोय. संघात माणसं नऊच, त्यामुळे प्रत्येकाला दोन खांब आले होते.

केल खांबांमधून साप जावा तसा निघाला. एक खांब डावीकडून, दुसरा उजवीकडून. चेंडू मांडीवर. मी असं खेळणं आमच्या क्रीडागृहात कधी पाहिलं नव्हतं.

“ओटवे, म्हाताऱ्या, कुठे बघतोयस?” तो एका खांबाला म्हणाला आणि त्याला धडकला. वर स्वयंपाकघरात एक बशी पडून फुटली.

मग त्याला मी दिसलो.

“प्रोफेसर.”

“केल.”

“हे कुणाला बोललास, तर तुझ्या सॉसेजमध्ये काय आहे ते मला विचारायचं नाही.”

“पण तू तर,” मी म्हणालो. “तू तर सगळ्यांपेक्षा चांगला आहेस.”

“माहीत आहे मला.”

“मग?”

त्याने चाकाला लागलेली माती अंगठ्याने पुसली.

“सुरुंग नव्हता रे,” तो म्हणाला.

“काय नव्हता?”

“पायाखाली. स्वयंपाकगाडी होती.”

मी जमिनीवर बसलो.

“ट्रकच्या मागे ओढायची गाडी. चार शेगड्या, एक भट्टी. टेकडीवर उभी केली होती. एकशे वीस माणसांचा मटणाचा रस्सा शिजत होता. गाडी आपली निघाली.”

“अशी कशी निघाली?”

“हँडब्रेक लावला नव्हता.”

“कुणी?”

“आचाऱ्याने.”

“आचारी कोण होता?”

केलने माझ्याकडे पाहिलं. “तुला पदवी खरंच दिली, की डाकेने चुकून आली?”

“अच्छा,” मी म्हणालो.

“खाली तंबू होते. तंबूंत कुणी नव्हतं, सगळे गस्तीवर. पण रस्सा होता ना. पाच तास लागले होते त्याला. मी चाकाखाली पाय घातला.”

“आणि?”

“गाडी थांबली. रस्सा चांगला झाला होता म्हणे. मी तेव्हा हेलिकॉप्टरमध्ये होतो.”

मग सुरुंग कुठून आला, हे त्याने सांगितलं. परत आला त्या आठवड्यात तो सैनिकांच्या क्लबात गेला. स्नो पॅस्को तिथे होता. स्नो व्हिएतनामला जाऊन आलेला, एक डोळा काचेचा. त्याने केलच्या पायाकडे पाहून हळूच विचारलं, “सुरुंग?” त्या क्षणी केलच्या तोंडात कढत बटाटा होता. गिळता येईना, थुंकता येईना. डोळ्यांत पाणी आलं आणि मान खालीवर झाली. बटाटा उतरेपर्यंत त्याच्यासमोर बिअर आली होती आणि तीन म्हातारे टोप्या काढून उभे होते.

“तेव्हाच सांगायचं ना.”

“सांगणार होतो. मग चौथ्यानेही टोपी काढली.”

आता खरी अडचण अशी. खेकड्यांचा एक रिवाज आहे. नव्या खेळाडूला पहिल्या मंगळवारी, सगळ्यांसमोर, आपला पाय कुठे गेला ते सांगावं लागतं. किंवा हात. किंवा जे काही गेलं असेल ते. सांगितलं की स्नो पेटीतून शर्ट काढून देतो. पेटीची किल्ली स्नोच्या गळ्यात असते. लिओनी आली तेव्हा तिने सांगितलं होतं, “जन्मापासून. शर्ट दे.” एवढंच. स्नोने तरीही टोपी काढली. तिने ती उचलून त्याच्या डोक्यावर परत ठेवली होती.

“खोटं सांगून शर्ट घेऊ?” केल म्हणाला. “तिथे ज्यांचं खरंच गेलंय ती माणसं बसलीत. आणि खरं सांगू? पंचवीस वर्षं बिअर पाजलीय त्यांनी मला. रश्श्यासाठी.”

म्हणून तो खांबांशी खेळत होता.

जूनमध्ये डॉक्टर फॅरर निकाल घेऊन आल्या. भिंतीवर आलेख लावला. आडवं बघितलं तर खेळायची इच्छा. उभं बघितलं तर प्रत्यक्ष खेळ. सगळे ठिपके एका तिरक्या रेषेभोवती दाटीने बसले होते. जास्त इच्छा, जास्त खेळ. फक्त एक ठिपका खाली उजव्या कोपऱ्यात एकटाच होता. इच्छा सगळ्यांत जास्त. खेळ शून्य.

“नाव सांगता येणार नाही, ते गुप्त असतं,” डॉक्टर म्हणाल्या. “पण सतरा गावांत मला असा माणूस भेटला नाही. यंत्र बिघडलंय असं वाटून मी हिशेब दोनदा केला.”

सगळ्यांनी दाराकडे पाहिलं. केल चिमटा घेऊन उभा होता.

“कोण असेल बिचारा,” केल म्हणाला.

लिओनी सरळ खुर्ची घेऊन बाहेर गेली. मी तव्याशी होतो, म्हणून ऐकलं.

“अडचण काय आहे तुझी?”

“खुर्चीत झोप येते.”

“फळ्यावर आहे ते. दुसरं सांग.”

केलने चिमटा तव्यावर ठेवला. मग म्हणाला, “गोष्ट. शर्टाची.”

“सांगायची लाज वाटते?”

“खरी सांगायची.”

“मग खरी सांग आणि मोकळा हो. बेव्हन लग्न करून केर्न्सला चाललाय. ऑगस्टमध्ये टारूगाशी सामना आहे आणि माझ्याकडे चारच माणसं उरतात. पाच नसतील तर न खेळता हरलो. मला खेळून हरायचंय.”

“पण लिओनी, ती गोष्ट अगदीच…”

“माझी गोष्ट एका शब्दाची होती. मी मेले का?”

पुढच्या मंगळवारी केलने तवा मांडला नाही. आत आला. सगळे गोल बसले. त्याने पाय काढला आणि टेबलावर, सॉसच्या बाटल्यांशेजारी ठेवला. मग त्याने सगळं सांगितलं. टेकडी, शेगड्या, रस्सा, हँडब्रेक. बटाट्यासकट. काहीच लपवलं नाही. शेवटी म्हणाला, “तर असं आहे. मी गाढव आहे. पंचवीस वर्षं तुम्हाला फसवलं. माफ करा.”

कुणी हललं नाही.

मग स्नो उठला. त्याने टोपी काढली. चांगल्या डोळ्यातून पाणी येत होतं. काचेच्यातूनही आलं, असं एकजण नंतर म्हणाला.

“पोरांनो,” स्नो म्हणाला, “मी पन्नास वर्षं क्लबात बसतोय. गोळ्यांच्या गोष्टी सांगणारे ढिगाने पाहिले. एकेकाची चौकशी केली. सगळे कोठीवरचे कारकून. ज्याने खरं बघितलंय, तो कधी सांगत नाही. विचारलं तर विषय बदलतो. हवामानाचं बोलतो. कुत्र्याचं बोलतो.” त्याने टोपी छातीशी धरली. “पण रश्श्याचं बोलणारा मी आजच पाहिला.”

“अरे पण खरंच रस्सा होता!” केल म्हणाला.

“हो रे बाळा. रस्साच होता.”

“मटणाचा!”

“मटणाचा,” स्नो म्हणाला आणि त्याने डोळे पुसले. मागे कुणीतरी कुजबुजलं, “किती भयंकर असेल बघ, की त्याला मटण म्हणावं लागतंय.”



फक्त लिओनी म्हणाली, “हँडब्रेक विसरलास? स्वतःच? आणि वर पाय घातलास? काय मूर्ख आहेस रे.”

केलने तिच्याकडे असं पाहिलं, जणू वाळवंटात कुणी पाणी दिलंय. पण बाकीच्यांनी तिला गप्प केलं. जखमेवर मीठ चोळू नये म्हणाले.

स्नोने पेटी उघडली. एक नंबरचा शर्ट काढला. तो आजवर कुणालाच दिला नव्हता.

केलने घेतला नाही. “हा सुरुंगवाल्याचा आहे,” तो म्हणाला. “तो आला की त्याला द्या.” पाय काखेत मारून तो एका पायावर उड्या मारत बाहेर गेला. त्यामुळे सगळे आणखीच गहिवरले.

त्यानंतर केलने पुरावा मागवला. कुठल्याशा कचेरीत त्याच्या दुखापतीचा कागद होता, त्याची प्रत. तो म्हणाला, “सरकारी शिक्का बघितला की स्नोचं तोंड बंद होईल.” सात आठवडे तो रोज पत्रपेटी उघडून बघायचा. क्रीडागृहात यायचा, पण बोलायचा नाही. त्याच्याकडून सॉसेज घेताना आता कुणी नुसत्या “थँक्यू”वर भागवत नव्हतं. एकाने त्याचा हात दोन्ही हातांत धरला. त्या हाताला सॉस लागला होता.

कागद आला. त्याने तो न वाचता थेट क्रीडागृहात आणला आणि स्नोच्या हातात दिला.

“मोठ्याने वाच.”

स्नोने चष्मा लावला.

आता कचेरीचं असं झालं होतं, की कुणा कारकुनाला इतरांची नावं काळ्या शाईने झाकायची होती. त्याचा हात जरा सैल सुटला होता.

स्नो वाचू लागला. “‘कॉर्पोरल ट्रँटर यांनी,’ मग काळं आहे, ‘टेकडीवरून खाली येत असताना,’ इथे पुन्हा काळं, ‘स्वतःच्या उजव्या पायाने थांबवली.’ मग मोठं काळं. ‘त्यामुळे एकशे वीस जवानांचे,’ काळं, ‘वाचले.’”



“जेवण!” केल ओरडला. “एकशे वीस जवानांचे जेवण! तिथे जेवण लिहिलंय!”

स्नोने कागदाची घडी घातली. दोन्ही हातांनी परत दिली. “तू सांगू नकोस,” तो म्हणाला. “तुझ्यावर बंधन असेल.”

त्या शुक्रवारी केल माझ्या पायरीवर बसला होता. कुत्रा शेजारी.

“प्रोफेसर, तू तरी विश्वास ठेवतोस ना?”

“ठेवतो.”

“तुझा उपयोग नाही. तू कशावरही ठेवतोस.” मग कुत्र्याचे कान चोळत म्हणाला, “पूर्वी मी खोटा होतो म्हणून मला जाता येत नव्हतं. आता खरं बोललो तरी तो दुसराच माणूस तिथे जाऊन बसलाय. माझ्या जागेवर. एक नंबर घालून. मी गेलो की सगळे त्याच्याशीच बोलणार.”

“मग नाही जायचं?”

“जायचं तर आहेच रे. तीच तर बोंब आहे.”

सामन्याच्या दिवशी लिओनी त्याच्याकडे आली. घराखाली. कागद लावलेले खांब तिने पाहिले. एकेक नाव वाचलं.

“ओटवे एवढा जाड नाही,” ती म्हणाली. “चल.”

“शर्ट घालणार नाही.”

“उघडा ये. मला पाचवी खुर्ची हवी.”

तो शाळेच्या खानावळीचा ॲप्रन घालून आला. निळा होता, आमचे शर्टही निळे. पंच बराच वेळ विचार करत राहिला, मग त्याने ॲप्रनच्या खांद्यांवर पट्ट्या चिकटवायची परवानगी दिली. क्रीडागृह भरलं होतं. स्नोने टारूगाला आधीच फोन केला होता. काय सांगितलं ते मला माहीत नाही. पण केल आत आला तेव्हा टारूगाचे नऊही जण गप्प झाले.

शिट्टी वाजली. तिसऱ्याच मिनिटाला चेंडू केलकडे आला. तो निघाला.

ग्रॅहम ओटवे, टारूगाचा कप्तान, बरोबर समोर होता. सैन्यातलाच माणूस, मान नाही, नुसते खांदे. त्याने केलला पाहिलं. खुर्ची बाजूला घेतली. छातीवर हात ठेवला.

केल सरळ गेला आणि रेषेपलीकडे चेंडू टेकवला. चार गुण. लोक उठून उभे राहिले.

केलने मागे वळून पाहिलं. त्याला काही कळलं नव्हतं.

दुसऱ्यांदा तो मुद्दाम दोघांच्या मधून घुसला. दोघेही दोन बाजूंना झाले, लग्नाच्या मांडवात नवऱ्याला वाट देतात तसे. आठ गुण. तिसऱ्यांदा त्याने वाट सोडली आणि थेट ओटवेच्या अंगावर खुर्ची घातली. ओटवे इतक्या चपळाईने बाजूला झाला की केल भिंतीवर आदळता आदळता राहिला. बारा गुण. चौदा वर्षांत आम्ही टारूगाच्या पुढे कधी गेलो नव्हतो. स्नो बाकावर उभा राहून रडत होता.

चौथ्यांदा चेंडू मिळाल्यावर केल मैदानाच्या मधोमध थांबला.

“अडवा मला!” तो ओरडला.

कुणी हललं नाही.

“ओटवे! ये ना! ओढ पट्टी!”

“नको, साहेब,” ओटवे म्हणाला. “तुम्हाला हात लावायचा नाही असं आमचं ठरलंय.”

“अरे मी आचारी होतो! हँडब्रेक विसरलो! मटणाचा रस्सा होता!”

ओटवेने आपल्या माणसांकडे वळून हलक्या आवाजात सांगितलं, “बघा. तो असंच सांगेल म्हणाले होते.”

केल चेंडू मांडीवर घेऊन बसून राहिला. ॲप्रन घामाने भिजला होता. चेहरा असा झाला होता की मला बघवेना. पंच घड्याळ बघत होता. मला वाटलं, आता हा चेंडू खाली ठेवणार, खुर्ची वळवणार आणि दारातून जाणार. त्यानंतर मंगळवारीसुद्धा येणार नाही.

तेवढ्यात मागून चाकांचा आवाज आला.

लिओनी आमच्याच टोकाकडून निघाली होती. पूर्ण वेगात. मान खाली. मी ओरडलो, पण कशासाठी ते मला आठवत नाही. ती आपल्याच खेळाडूवर, बाजूने, अशी आदळली की भांड्यांचं अख्खं दुकान कोसळावं. केलची खुर्ची हवेत गेली. मग आडवी पडली. केल खाली, खुर्ची वर, ॲप्रन डोक्यावर. लिओनीने वाकून त्याच्या दोन्ही खांद्यांवरच्या पट्ट्या टराटरा ओढल्या आणि पंचाला दाखवल्या.

पंचाने खिशातून नियमांचं पुस्तक काढलं. पानं उलटली. आपल्याच माणसाने पकडलं तर काय, हे कुणी लिहून ठेवलं नव्हतं.

“झालं समाधान?” लिओनी म्हणाली.

ॲप्रनखालून आवाज आला. आधी मला वाटलं तो रडतोय. त्याने ॲप्रन बाजूला केला. ओठ फुटला होता. तो हसत होता. इतका, की श्वास पुरत नव्हता.

ओटवे जवळ आला. तो हादरला होता. “बाई, तुमच्या वीराला तुम्हीच पाडलंत?”

“वीर कुठला? आचारी आहे तो. मटणासाठी पाय घालवलेला महागाढव.” लिओनीने पट्ट्या ओटवेच्या मांडीवर फेकल्या. “पण आमचा आहे. तुम्ही त्याला अडवणार नसाल तर दर वेळी मी अडवीन. मग तुम्ही काय नुसते बघायला आलात?”

ओटवेने खाली केलकडे पाहिलं. ॲप्रनकडे पाहिलं. मग फुटलेल्या ओठाने हसणाऱ्या त्या माणसाकडे परत पाहिलं. त्याच्या कपाळावर हळूहळू आठी पडली.

“खरंच मटण?” त्याने विचारलं.

“बटाटे घालून,” केल म्हणाला.

“आणि आम्ही तुला बारा गुण दिले?”

“बारा.”

बाकावरच्या दोघांनी धावत येऊन त्याला उचलून सरळ केलं. पट्ट्या पुन्हा चिकटवल्या. शिट्टी वाजली. पुढचा चेंडू केलकडे आला तेव्हा ओटवे पन्नास फुटांवरून निघाला. केलने त्याला पाहिलं. बाजूला झाला असता तर सुटला असता, खांबांना रोज चुकवायचा तसा. तो झाला नाही. धडक अशी बसली की खिडक्या थरथरल्या. ओटवेने पट्टी ओढली आणि केलला तोंडावर एक शिवी दिली. त्याच्या आईपासून सुरू झालेली ती शिवी स्वयंपाकगाडीवर येऊन संपली. मी ती इथे लिहू शकत नाही.

“हां!” केल म्हणाला. “आता कसं बोललास!”

अडतीस-चोवीस हरलो. केल एकूण नऊ वेळा पडला. प्रत्येक वेळी उचलायला गेलेल्याला त्याने शिवी दिली आणि प्रत्येक वेळी त्याला परत मिळाली. सामना संपल्यावर स्नो एक नंबरचा शर्ट घेऊन पुढे आला. केल म्हणाला, “एक नको. दुसरा कुठला आहे?”

“सतरा आहे. बेव्हनचा. काखेत उसवलाय.”

“दे,” केल म्हणाला, आणि तिथेच, सगळ्यांसमोर, तो घालायला लागला. फुटक्या ओठाचं रक्त कॉलरला लागलं. डोकं गळ्यात अडकलं, कारण ॲप्रन काढायचा तो विसरला होता.